क्रूला मी कधी गेले नाही

रात्रपाळी करून आले, चहा ठेवला,
आणि दूध उतू जाईपर्यंत
फोनवर बँकेचं स्टेटमेंट वाचत राहिले.
एस एस होल्डिंग्ज, क्रू. सात पौंड वीस.
एस एस होल्डिंग्ज, क्रू. सात पौंड वीस.
मधेच एक पौंड गेलेला
आणि दोन दिवसांनी गुपचूप परत आलेला,
चोरानं दार लोटून बघावं
आणि कुणी खोकलं म्हणून निघून जावं, तसा.

क्रूला मी कधी गेले नाही.
वुल्व्हरहॅम्प्टनहून वर जाणारी गाडी तिथे थांबते,
एवढंच स्टेशनवर ऐकलेलं.

बँकेतली बाई समजुतीनं बोलली.
टॅक्सी कंपनी आहे म्हणाली, हेड ऑफिस तिकडे,
गाडी तुमच्याच गल्लीतून सुटत असेल.
आणि तो एक पौंड? कार्ड जिवंत आहे का, ते बघतात.
(नाडी. हे मला कळलं.)
"यातला एखादा तरी व्यवहार तुमच्या ओळखीचा?"
मी म्हटलं, एकही नाही.
कार्ड बंद करून घेतलं,
पडदे ओढले, झोपले.

अडीचला बेल वाजली.
दारात नाना, कानटोपीसकट,
आणि त्यांच्यामागे इश्तियाक नावाचा ड्रायव्हर,
नानांची पिशवी धरून.
"बाजी, कार्ड चाललं नाही. पण चाचांना थंडीत
कसं सोडायचं?"
पैसे पुढे केले, तर घेईना.

कार्ड मीच घातलं होतं नानांच्या फोनात,
नोव्हेंबरात, अडीनडीला म्हणून.
मंगळवारी, गुरुवारी, मी झोपलेली असताना
ते जातात बसच्या डेपोवर.
टॅक्सी करून. बस बघायला.
कराड आगारात एकतीस वर्षं कंडक्टर;
सुटणारी बस दिसली नाही की अन्न गोड लागत नाही म्हणे.
इथे दोरी नाही, घंटी नाही, कंडक्टरच नाही,
एकोणसाठ नंबर रोज चार मिनिटं उशिरा सुटते
आणि कुणी शेरा मारत नाही.

मी ओरडले. सांगायचं तरी, नाना!
ते काही न बोलता आत गेले, वही घेऊन आले.
पट्टीनं आखलेली: तारीख, कुठून, कुठे, भाडं.
शेवटची ओळ लाल शाईत:
इश्तियाक. देणे.

मग टेबलावर बसून आम्ही हिशेब लावला.
मी स्टेटमेंट वाचायची, ते पेन्सिलीनं टिंब द्यायचे.
बँकेची तारीख दोन दिवस मागून चालते,
हे त्यांनी माझ्याआधी ओळखलं.
सगळं जुळलं.
एक सोडून.
चौदा जानेवारी, अकरा पौंड चाळीस.

"हे माझं नाही," नाना म्हणाले,
वहीवर बोट ठेवून, ताठ,
तिकीट तपासनीस गाडीत चढल्यासारखे.

माझंही नव्हतं. मी बसनं येते-जाते.
म्हटलं, चला, एक तरी खरा चोर सापडला.
बँकेला लावायला फोन उचलला,
तर नाना पानं मागे उलटत होते.

रकान्यांच्या बाहेर, समासात, बारीक अक्षर:
बारा तारीख. पहाटे पावणेसहा. लेक टॅक्सीनं आली.
बूट न काढता झोपली.
त्याच्याखाली, वेगळ्या शाईत:
काढले.

त्या रात्री नऊ नंबरच्या बेडवरची चादर
मी बदलली होती, दोनदा.
एवढं आठवलं.
टॅक्सी अजून आठवत नाही.